रकाना नसलेला गुन्हा

द्वेषातून घडणारा गुन्हा म्हणजे काय, हे भंडारा जिल्ह्याला बाहेरून कोणी येऊन समजावून सांगण्याची गरज नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांना, सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर यांना, जमावाने ठार मारले. भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने सप्टेंबर २००८मध्ये आठ जणांना दोषी ठरवले आणि त्यांपैकी सहा जणांना फाशी, तर दोघांना जन्मठेप सुनावली. मात्र अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा या प्रकरणाला लागू होत नाही, हे हत्याकांड सूडातून घडले, असा निष्कर्षही त्याच न्यायालयाने काढला. १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची जन्मठेप दिली. सूडाचा निष्कर्ष तसाच राहिला. आरोपींना शिक्षा झाली, पण ज्या जातद्वेषामुळे एक भांडण चार माणसांच्या जिवावर उठले, त्याला निकालपत्रात जागा मिळाली नाही. हत्याकांडानंतर महाराष्ट्रभर जो संताप उसळला होता, तो याच जातद्वेषाविरुद्ध होता. मारले किती आणि कोणी, एवढ्याने गुन्ह्याची ओळख पूर्ण होत नाही. कशासाठी मारले, हेही नोंदवावे लागते. या लेखाचा विषय समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींवर होणारा हिंसाचार हा आहे, आणि त्याबाबत माझे म्हणणे खैरलांजीच्या याच धड्यावर उभे आहे. या व्यक्तींवरच्या हिंसेमागचा हेतू नोंदवण्याची सोय आपल्या कायद्यात जवळजवळ नाही, आणि ती हिंसा सांगण्याची सोय आपल्या घरांत नाही. म्हणून समाजाने त्यांचा स्वीकार करणे ही नुसती चांगुलपणाची बाब राहत नाही. गुन्हा उघड होण्याची पहिली अट तीच आहे.

ही तुलना कुठपर्यंत न्यायची, ते आधीच सांगायला हवे. जात जन्माने मिळते, पिढ्यान्‌पिढ्या चालते, जमीन, पाणी, वस्ती आणि लग्न या सगळ्यांवर तिचा ताबा असतो. समलिंगी मूल मात्र कोणत्याही घरात जन्माला येते, सवर्णांच्या वाड्यातही आणि दलित वस्तीतही. त्यामुळे दोन्ही दुःखे एकाच मापाने मोजणे चूक ठरेल. पैसा, शिक्षण आणि शहर हाताशी असलेला समलिंगी पुरुष आणि भूमिहीन कुटुंबातून घराबाहेर काढली गेलेली पारलिंगी स्त्री यांची स्थितीही सारखी नसते. दुसरीवर जात आणि लिंगओळख असे दोन्ही भार एकदम पडतात. कवयित्री दिशा पिंकी शेख यांच्यासारख्या कार्यकर्त्या हेच सतत मांडत आल्या आहेत. साम्य आहे ते गुन्ह्याच्या घडणीत. दोन्हीकडे एखाद्याने काय केले यापेक्षा तो कोण आहे हे हल्लेखोराला खुपते, दोन्हीकडे हल्ला एका माणसावर होतो आणि धाक साऱ्या समूहाला बसतो, आणि दोन्हीकडे नंतर ‘खासगी वाद’ म्हणून प्रकरण मिटवण्याची घाई होते.

आता नोंदीची स्थिती पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी देशातल्या गुन्ह्यांचा जाडजूड अहवाल काढतो. त्यात अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार, स्त्रियांवरचे गुन्हे आणि मुलांवरचे गुन्हे यांची स्वतंत्र प्रकरणे असतात. लैंगिक कलामुळे कोणावर हल्ला झाला, याचा रकाना त्यात नाही. २०१७मध्ये या विभागाने जमावहिंसा आणि द्वेषमूलक गुन्ह्यांची माहिती राज्यांकडून मागवली होती. कायद्यात या गुन्ह्यांची व्याख्याच नसल्याने आलेली माहिती भरवशाची नाही, असे कारण देऊन पुढे तो उद्योग बंद झाला. म्हणजे व्याख्या नाही म्हणून मोजणी नाही, आणि मोजणी नाही म्हणून व्याख्येची निकड कोणाला वाटत नाही. अमेरिकेत १९९०च्या कायद्याने अशी मोजणी सुरू झाली आणि तिच्यात लैंगिक कल हा रकाना पहिल्यापासून होता. वायोमिंग राज्यात ऑक्टोबर १९९८मध्ये मॅथ्यू शेपर्ड या समलिंगी विद्यार्थ्याला बेदम मारून कुंपणाला बांधून ठेवले गेले आणि पुढे रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. त्या प्रकरणाने देश हादरला, तरी अशा गुन्ह्यांना केंद्रीय कायद्याच्या कक्षेत आणायला २००९ उजाडले. २०२२मध्ये एफबीआयने ११,६३४ द्वेषमूलक घटना नोंदवल्या आणि त्यांतल्या सुमारे १७ टक्के घटना लैंगिक कलाशी संबंधित होत्या. हे आकडे पाहून अमेरिका आपल्यापेक्षा अधिक क्रूर आहे, असा अर्थ कोणी काढू नये. तिथे मोजतात, म्हणून तिथे दिसते.

मोजणीपर्यंत न पोचणारी हिंसा कशी असते, हे एखाद्या गावाच्या अंगाने पाहिले की कळते. भंडारा जिल्ह्याची २०११च्या जनगणनेतली लोकसंख्या बारा लाखांच्या आसपास, तालुके सात. तुमसर, पवनी, साकोली, लाखांदूर या गावांकडच्या भागात धानाची शेती हाच बहुतेकांचा आधार. रोवणीच्या दिवसांत बांधावर एकमेकांची गरज लागते, मजुरी गावातच मिळते, लग्न जातीतच जमते. इथे माणूस आपल्या नावाने नंतर आणि बापाच्या नावाने आधी ओळखला जातो. अशा गावात एखाद्या मुलाची चाल किंवा बोलण्याची लकब वेगळी दिसली की हिंसेची सुरुवात शब्दाने होते. शाळेच्या मधल्या सुट्टीत ‘बायल्या’ म्हणून हाका मारणे, संडासात कोंडणे, मास्तरांनीही वर्गात हसणे, हे कुठल्या ठाण्यात नोंदवायचे? पुढे घरात मार बसतो, देवऋषी होतो, डॉक्टर होतो, आणि शेवटचा उपाय म्हणून लग्न लावून दिले जाते. मुलगी असेल तर तिचे शिक्षण बंद होते, मोबाइल काढून घेतला जातो, आणि तिच्या संमतीवाचून लागलेल्या लग्नात रोज जे घडते त्याला गाव संसार म्हणते. ज्याच्याकडे फोन आहे, त्याला डेटिंग ॲपवरून भेटायला बोलावून मारहाण करायची, उघडे करून चित्रफीत काढायची आणि ‘घरी दाखवू’ म्हणून पैसे उकळायचे, हा प्रकार देशातल्या अनेक शहरांत उघडकीला आला आहे. त्यात उघडकीला आलेल्या घटना थोड्याच असणार. कारण लुटारूचे सगळे भांडवल एकच असते, ते म्हणजे आपले खरे रूप घरी कळेल ही त्या माणसाची भीती.

ही भीती तक्रारीच्या वाटेवर पावलोपावली आडवी येते. समजा, मार खाल्लेला तरुण धीर करून ठाण्यात गेलाच. अंमलदार विचारतो, त्या जागी तू रात्री कशाला गेला होतास? तो कोण तुझा? फिर्यादीत पत्ता लिहावा लागतो, पंचनाम्यासाठी पोलिस घरी येणार असतात, साक्षीदार म्हणून ज्या मित्राचे नाव द्यायचे त्यालाही स्वतःला लपवायचे असते. वैद्यकीय तपासणीला गेल्यावर तेच प्रश्न पुन्हा येतात. गुन्हा नोंदवून घ्यायचा तर स्वतःबद्दलचे सत्य एका दिवसात ठाणे, दवाखाना, घर आणि गाव अशा चार ठिकाणी जाहीर करावे लागते. फार थोडे जण एवढे सोसतील. बाकीचे पैसे देऊन मोकळे होतात, गाव सोडून नागपूर-पुण्याला जातात, नाहीतर जीव देतात. नोव्हेंबर २०२३मध्ये उज्जैनच्या एका १६ वर्षांच्या मुलाने आत्महत्या केली. दिवाळीत साडी नेसून केलेल्या त्याच्या चित्रफितीखाली द्वेषाने भरलेल्या शेऱ्यांचा खच पडला होता. अशा मृत्यूची नोंद ‘आत्महत्या’ या रकान्यात होते आणि शेरे लिहिणारे हात कुठेच नोंदले जात नाहीत.

शिकलेल्या, प्रतिष्ठित, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या माणसाचीही यातून सुटका होत नाही, याचा सर्वांत जवळचा पुरावा मराठीच आहे आणि विदर्भातलाच आहे. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस नागपूरचे. नागपूर विद्यापीठात शिकून ते १९८८मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायला गेले, आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख झाले, कविता लिहीत राहिले. ८ फेब्रुवारी २०१० रोजी काही माणसे कॅमेरा घेऊन त्यांच्या राहत्या घरात घुसली आणि एका रिक्षाचालकासोबत असताना त्यांचे चित्रीकरण करण्यात आले. घरात घुसणाऱ्यांना जाब विचारण्याऐवजी विद्यापीठाने सिरस यांनाच गैरवर्तनाच्या आरोपाखाली निलंबित केले आणि निवासस्थान सोडायला लावले. निवृत्ती काही महिन्यांवर आली होती. १ एप्रिल २०१० रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती देऊन त्यांच्या खासगीपणाचा हक्क मान्य केला. ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. या प्रकरणात कोणालाही शिक्षा झाली नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २००९मध्येच संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले होते आणि सिरस यांच्या निलंबनाला स्थगितीही मिळाली होती. तरी त्यांच्या शेजाराने, सहकाऱ्यांनी आणि संस्थेने त्यांना एकटे पाडायचे ते पाडलेच. न्यायालय निलंबन थांबवू शकते, पण ज्या एकटेपणात माणूस संपतो तो थांबवणे त्याच्या हातात नसते. म्हणून कायदा हवाच आणि कायद्याशिवाय आणखी काही हवे, हे दोन्ही मला एकाच दमात म्हणावेसे वाटते.

कायद्याचा प्रवास बघितला तर तो कसा रखडत आणि अर्धवट झाला हे दिसते. इंग्रजांनी १८६०च्या दंडसंहितेत कलम ३७७ घातले आणि ‘निसर्गाविरुद्ध’ संबंधांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली. २००९च्या दिल्लीच्या निकालाने ते अंशतः निष्प्रभ झाले, पण डिसेंबर २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा जिवंत केले. चारच महिन्यांनी, १५ एप्रिल २०१४ रोजी, त्याच न्यायालयाने नालसा खटल्यात तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर खटल्यात पाच न्यायमूर्तींनी एकमताने संमतीच्या समलिंगी संबंधांवरचा गुन्हेगारीचा शिक्का पुसला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास न्यायालयाने नकार दिला आणि तो प्रश्न संसदेकडे सोपवला. यातून निघणारा अर्थ असा की आज समलिंगी जोडपे गुन्हेगार नाही, पण कुटुंबही नाही. भाऊबंदांनी दोघींपैकी एकीला ओढून नेले तर दुसरीला ठाण्यात जाऊन नाते सांगता येत नाही, दवाखान्यात सहीचा अधिकार आपोआप मिळत नाही, आणि वारसाच्या रांगेत तिचे नाव नसते. हिंसा करणारे नातेवाईक कायद्याने ‘घरचे’ ठरतात आणि जीव लावणारी व्यक्ती परकी.

शिक्षेच्या तरतुदींमध्ये तर भोकेच भोके आहेत. तृतीयपंथी व्यक्ती संरक्षण कायदा २०१९मध्ये संमत झाला, तेव्हा त्याच्या कलम १८ने घरातून वा गावातून हुसकावणे, सार्वजनिक जागी अडवणे, आणि शारीरिक, लैंगिक, शाब्दिक वा आर्थिक छळ करणे हे गुन्हे ठरवले. ही चांगलीच गोष्ट. पण या सगळ्यांना शिक्षा एकच, सहा महिने ते दोन वर्षे. स्त्रीवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षे सक्तमजुरी आणि पारलिंगी व्यक्तीच्या लैंगिक छळाला या कायद्यात कमाल दोन वर्षे, ही तफावत न्यायाच्या कोणत्या तत्त्वात बसते? १ जुलै २०२४पासून भारतीय न्यायसंहिता लागू झाली. तिच्यातून जुने कलम ३७७ सबंध गळाले. २०१८च्या निकालाने त्याचा जबरदस्तीपुरता भाग मुद्दाम शिल्लक ठेवला होता, तोही गेला. परिणामी प्रौढ पुरुषावर झालेल्या बलात्काराला आज बलात्कार म्हणणारे कलम नाही. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३मध्येच समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींवरचे लैंगिक अत्याचार कायद्याने टिपले पाहिजेत असे सुचवले होते. त्याच न्यायसंहितेत जमावाने केलेल्या खुनासाठी कलम १०३(२) आले. पाच किंवा अधिक जणांनी वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, व्यक्तिगत श्रद्धा वा तत्सम कारणावरून खून केला तर फाशी किंवा जन्मठेप. द्वेषाच्या हेतूला आपल्या दंडसंहितेत मिळालेली ही महत्त्वाची जागा आहे. तिथेही लैंगिक कल हा शब्द लिहिलेला नाही, ‘तत्सम कारण’ या शब्दांत तो शोधावा लागतो. आणि हल्लेखोर चार असतील, तर तेवढाही आधार उरत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो घेणारे सगळेच द्वेष्टे असतात असे नाही. खून तो खून, मार तो मार. सर्वांसाठी एकच कायदा असताना काही जणांसाठी वेगळा कशाला? याचे उत्तर असे की कायदा हेतू नेहमीच विचारात घेतो. हातून चुकून मेलेला आणि ठरवून मारलेला यांत तो फरक करतो, हुंड्यासाठी झालेल्या मृत्यूला वेगळे कलम देतो. हुंडाबळी हा शब्द कायद्यात येण्याआधीही सुना जळतच होत्या. स्टोव्हचा भडका उडाला, अशी नोंद होत होती. कलम आल्यावर तपासाची दिशा बदलली, सासरच्या माणसांना प्रश्न विचारले जाऊ लागले. द्वेषाचा हेतू लिहिला गेला की पोलिस योग्य प्रश्न विचारतात, न्यायालय धमक्यांचा मागचा इतिहास पाहते, आणि आकडे पुढे आल्यावर सरकारला उत्तर द्यावे लागते. हे वेगळे लाड नव्हेत. वेगळ्या कारणाने होणारी इजा वेगळी ओळखणे, एवढेच ते आहे.

दुसरा आक्षेप संस्कृतीचा. हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, आपल्या मातीत नव्हते, असे सांगितले जाते. भंडाऱ्याच्या माणसाने तरी हे म्हणू नये. दिवाळी सरली की या जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते, रात्री दंडार आणि खडी गंमत रंगते. खडी गंमतीत लुगडे नेसून, पायात चाळ बांधून नाच्या उभा राहतो, शाहिराच्या प्रश्नांना ठसक्यात उत्तरे देतो, आणि पहाटेपर्यंत सारे गाव त्याला दाद देते. नाच्याचे काम करणारा प्रत्येक जण समलिंगी किंवा पारलिंगी असतो, असे अजिबात नाही, बहुतेक जण संसारी शेतकरी-मजूर असतात. मुद्दा गावाच्या नजरेचा आहे. पुरुषाच्या अंगात बाईपण दिसले तर धर्म बुडत नाही, हे ही नजर मंडईच्या रात्री जाणते. सकाळी शाळेच्या रस्त्यावर तोच ठसका एखाद्या मुलाच्या अंगात स्वभावतः आला, की ती दगड उचलते. बाहेरून आले ते कलम ३७७, लंडनच्या नैतिकतेचे. आणि त्याविरुद्धचा विचार आपल्याकडे फार आधीपासून आहे. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ १९२७पासून निघत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यांत समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न होते, कर्वे शास्त्राच्या आधारे उत्तरे देत. त्या उत्तरांवरून १९३४मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, पण लैंगिक प्रश्नांवर शास्त्रीय माहिती देणे अश्लील नव्हे, ही भूमिका त्यांनी न्यायालयात घेतली. हेच बाबासाहेब १९५४मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि पराभूत झाले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी संवैधानिक नीतिमत्तेची जी संकल्पना मांडली, ती मुद्दाम जोपासावी लागते असे जे बजावले, त्याचाच आधार सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या निकालात घेतला. बहुसंख्यांना काय रुचते यावर अल्पसंख्यांचा हक्क ठरत नाही, हा विचार परका असेल तर मग आपले काय म्हणायचे?

तिसरी भीती आईबापांची असते आणि तिला रागाने उत्तर देऊ नये. मुलांच्या कानावर हे पडले तर मुले बिघडतील, असे त्यांना मनापासून वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८मध्ये ती आजार नसल्याचे जाहीर केले. कल ‘बदलून’ देण्याचे उपचार हे वैद्यकीय गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये ठरवले. जो आजार नाही त्याची लागण होत नाही आणि त्याच्यावर औषधही नाही. मूल काही ऐकून समलिंगी होत नाही. ऐकल्याने एवढेच होते की जे मूल तसे आहे त्याला आपण एकटे नाही हे कळते, आणि जे तसे नाही ते दुसऱ्याला छळायचे थांबते. दुर्दैवाने हे सांगण्याची जबाबदारी शाळा टाळते. एनसीईआरटीने २०२१मध्ये शिक्षकांसाठी काढलेली मार्गदर्शिका विरोध होताच संकेतस्थळावरून हटवली गेली. गप्प राहिल्याने मुलांचे रक्षण होते, हा समज शाळेतल्या छळाला मोकळे रान देतो.

चौथी तक्रार रेल्वेत आणि बाजारात ऐकू येते. तृतीयपंथी जबरदस्तीने पैसे मागतात, मग त्यांच्याबद्दल सहानुभूती कशी वाटणार? जबरदस्ती कोणी केली तर कायदा आहे, तो त्या व्यक्तीला लावावा. एका व्यक्तीचा दोष सबंध समूहावर लादला की जमावाला कारण मिळते, आणि त्याचे परिणाम भीषण असतात. मे २०१८मध्ये हैदराबादेत मुले पळवण्याच्या अफवेवरून जमावाने एका पारलिंगी स्त्रीला ठार केले. त्याच उन्हाळ्यात उठलेल्या तशाच अफवेवरून १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भटक्या समाजाच्या पाच जणांचा बळी गेला. ज्यांना गाव आधीच संशयाने पाहते, अफवा त्यांच्यावरच जाऊन बसते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगासाठी दिल्ली आणि उत्तर प्रदेशात झालेल्या पाहणीत ९२ टक्के तृतीयपंथीयांना कोणत्याही आर्थिक व्यवहारात भाग घेऊ दिला जात नाही, असे आढळले होते. शाळेतून हाकलायचे, नोकरी द्यायची नाही, भाड्याने खोली द्यायची नाही, आणि मग टाळी वाजवून पोट भरते म्हणून दोष द्यायचा, हा न्याय नव्हे.

राहतो तो सर्वांत सभ्य आक्षेप. समाज अजून तयार नाही, धानाला भाव मिळत नाही, पोरांना नोकऱ्या नाहीत, हा विषय आत्ताच कशाला? समाज किती वेगाने तयार होतो, हे आकड्यांतच पाहा. प्यू संशोधन संस्थेच्या पाहणीत समलैंगिकता समाजाने स्वीकारावी असे म्हणणारे भारतीय २०१४मध्ये १५ टक्के होते, २०१९मध्ये ३७ टक्के झाले. मधल्या काळात २०१८चा निकाल आला होता. म्हणजे कायदा समाजाची वाट पाहत थांबत नाही, तो समाजाला चालायला लावतो. ग्रामीण महाराष्ट्रही थांबलेला नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळ गावाने २०१७मध्ये ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंच निवडले. जळगावच्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील यांचा अर्ज स्त्रियांच्या राखीव जागेवर नाकारला गेला, तेव्हा औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१मध्ये त्यांचा हक्क मान्य केला आणि गावाने त्यांना निवडून दिले. मुंबई उच्च न्यायालयाने बजावल्यावर डिसेंबर २०२२मध्ये राज्य सरकारने पोलिस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी पर्याय देण्याचे मान्य केले. भंडाऱ्यापासून तासा-दीड तासावरच्या नागपुरात अभिमान पदयात्रा निघते. आणि धानाचा भाव मागणाऱ्याच्या घरातही असे मूल असू शकते. त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न शेतकऱ्याच्या प्रश्नांच्या बाहेरचा कसा ठरेल?

मग जिल्ह्यात करायचे काय? २०२०च्या नियमांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत तृतीयपंथी संरक्षण कक्ष उभारण्याची तरतूद होती. गुन्ह्यांवर लक्ष ठेवणे आणि ते वेळेत नोंदवले जातात की नाही हे पाहणे हे त्याचे काम. असा कक्ष भंडाऱ्यात कागदावर न राहता लोकांना माहीत असलेला हवा, त्याचा फोन नंबर प्रत्येक ठाण्यात आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात भिंतीवर हवा, आणि समलिंगी स्त्री-पुरुषांच्या तक्रारीही त्याने ऐकायला हव्यात. फिर्याद घेताना नाव-ओळख गुप्त ठेवायची आणि ‘तू तिथे कशाला गेलास’ हा प्रश्न विचारायचा नाही, एवढे शिकवायला पैसा लागत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२१मध्ये दिलेल्या निर्देशांनंतर तमिळनाडूने २०२२मध्ये पोलिसांच्या वर्तणूक नियमांत बदल करून या समूहाचा छळ करण्यास मनाई केली. महाराष्ट्राने तेवढेच ठामपणे ते अमलात आणावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने शिबिरांत कौटुंबिक हिंसेसोबत या हिंसेवरही बोलावे. आशाताई घरोघरी जातात, मुलींच्या पाळीबद्दल मोकळेपणाने बोलतात. आपले मूल वेगळे आहे म्हणून खचलेल्या आईशी बोलायला त्यांच्याइतके योग्य कोणी नाही, फक्त त्यांना तसे प्रशिक्षण मिळाले पाहिजे. दिल्लीत मागायच्या गोष्टी आणखी वेगळ्या आहेत. द्वेषमूलक गुन्ह्याची व्याख्या, तिच्यात लैंगिक कल आणि लिंगओळख यांचा स्पष्ट उल्लेख, लैंगिक अत्याचाराच्या शिक्षेत समानता, आणि गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात तो गाळलेला रकाना.

पण या सगळ्याच्या आधी जे व्हायला हवे, त्याला शासननिर्णय लागत नाही. मार खाऊन आलेल्या मुलाला घरात ‘कोणी मारले’ असे विचारले गेले पाहिजे. ‘तू तसा आहेस का’ हा प्रश्न पहिला आला, तर त्याच क्षणी हल्लेखोर सुटतो. पाठीशी बाप उभा असेल तर ब्लॅकमेल करणाऱ्याची धमकी फुकट जाते, बहीण सोबत ठाण्यात आली तर अंमलदाराचा सूर बदलतो, आणि सरपंच साक्ष द्यायला तयार झाला तर खटला टिकतो. कायद्याची प्रत्येक तरतूद शेवटी अशा एखाद्या माणसावर येऊन ठरते, जो भर चौकात म्हणेल की हा आमचा आहे. खैरलांजीने या जिल्ह्याला शिकवले की द्वेषाला त्याच्या नावाने ओळखले नाही तर शिक्षा होऊनही न्याय अपुरा राहतो. तो धडा ज्यांनी रस्त्यावर उतरून मागितला, त्यांच्याच जिल्ह्याने आता आपल्या घरातल्या, अजून न बोललेल्या मुलांसाठीही तो लागू करावा.